बारकसचा हरीस

हैदराबादेत गोवळकोंडा पाहिला, सालारजंग संग्रहालय पाहिलं, लाडबाजारात घरच्यांसाठी बांगड्या घेतल्या. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला ओढ होती ती बारकसची. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आमच्या पुंडलिकनगरात नेहमी भेटणारे एक चाऊस स्नेही कित्येक वर्षं सांगत होते, "सर, असली हरीस खाना है तो बारकस जाओ. और फज्र के बाद फौरन जाओ."

चाऊस म्हणजे मराठवाड्यात रुजलेले अरब. त्यांचे पूर्वज येमेनच्या हाद्रामौत खोऱ्यातून फौजेत चाकरीला आले. कुणी मराठ्यांकडे, कुणी निजामाकडे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा मालेगावचा भुईकोट इंग्रजांशी लढला तो अरब शिबंदीच्या जोरावर. माझ्या आजोबांच्या बोलण्यात मात्र अरब यायचा तो रोहिल्याच्या जोडीनं, थकलेलं व्याज वसूल करायला उंबऱ्यावर ठाण मांडून बसणारा. ती दहशत खोटी नव्हती.

बारकस चारमिनारच्या दक्षिणेला, चांद्रायणगुट्ट्याच्या पुढे. निजामाच्या अरब शिपायांच्या बराकी इथं होत्या, त्यावरूनच हे नाव. उजाडता उजाडता पोचलो तर लुंगी नेसलेल्या माणसांनी दुकान भरलेलं. "मीठा या खारा?" पोऱ्यानं विचारलं. गहू आणि मटण रात्रभर मंद आचेवर शिजवून घोटलेलं, इतकं की मांसाचा धागा वेगळा काढता येऊ नये. मसाला जवळजवळ नाही. मधोमध खळगा, त्यात तूप. मी खारा घेतला, मग साखर घातलेला मीठाही. हैदराबादी हलीम याच हरीसची नटलेली लेक. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि नाव झालं. माझं मत विचाराल तर आईच्या हाताला हलीम पोचत नाही.

समोर एक वृद्ध गृहस्थ होते. औरंगाबादहून आलो म्हटल्यावर त्यांनी ताट बाजूला सरकवून जागा केली. "हमारे लोगां हैं उधर." त्यांचा कबिला याफई. याफई आणि कसीरी यांचं हाद्रामौतमध्ये पिढ्यान् पिढ्या वैर, आणि ते वैर पोसलं गेलं हैदराबादच्या पैशावर. निजामाच्या फौजेतला जमादार उमर बिन अवद अल-कुऐती हा याफईच. इथं कमावलेल्या दौलतीवर त्याच्या घराण्यानं तिकडे राज्य उभं केलं. मुकल्ला त्याची राजधानी होती आणि ते १९६७ पर्यंत टिकलं. आपल्या दख्खनच्या महसुलातून अरबस्तानात एक गादी उभी राहिली, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही.

मग त्यांनी आपणहून १९४८ काढलं. "बावा को ले गए. हम छोटे थे." हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर हजारो अरबांना छावण्यांत डांबलं आणि पुष्कळांना एडनकडे धाडलं. त्यांचे वडील सुटले, चुलत्यांना जहाजात बसवलं. "चचा इधरीच पैदा हुए थे. कुछ दिन खत आए, फिर बंद."

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, मी आमच्या शहरातल्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापुढे उभा राहत आलो आहे आणि राहीन. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी केलेले अत्याचार मराठवाडा विसरणार नाही, विसरूही नये. पण तो दिवस या माणसाच्या घरात काय घेऊन आला, हे ऐकताना माझा घास हातातच राहिला.

घर सुटलेल्या त्या चुलत्याचं ऐकून मला पश्चिम सहारातले सहरावी आठवले. तेही आपली वंशावळ बेनी हसन टोळ्यांमार्फत येमेनपर्यंत नेतात. स्पेन निघून जाताना, १९७५ मध्ये, मोरोक्को त्यांच्या मुलखात शिरला आणि हजारो कुटुंबं अल्जीरियात तिंदूफजवळच्या छावण्यांत आली. आज तिथं त्यांची नातवंडं वाढताहेत. सहरावींना पूर्वजांच्या वाळवंटात परतायचं आहे. बारकसच्या त्या चुलत्याला पूर्वजांच्या वाळवंटात परत पाठवलं, आणि त्याचं घर तर इथं होतं.

वृद्धांनी मला पैसे देऊ दिले नाहीत. "मेहमान से नक्को," एवढंच म्हणाले.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड इथल्या वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या ओळखीच्या चाऊस घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांच्यापाशी जाऊन बसा आणि १९४८ बद्दल ते जे सांगतील ते लिहून घ्या. ते दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.