संत्र्याची साल

दहावीला महत्त्वमापन सुरू झालं. शंकूचा एक तृतीयांश मुलांना चटकन पटतो: तीनदा वाळू ओतली की वृत्तचिती काठोकाठ. गोलाच्या ‘चार पाय आर वर्ग’शी मात्र गाडी अडते. चारच का?

आज संत्र्याच्या मापाची वर्तुळं काढून त्यांत साल बसवायला लावली. चार भरली, थोड्या फटी सोडून. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) हेच सांगितलंय: वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे पृष्ठफळ, त्याला व्यासाने गुणून सहाने भागलं की घनफळ. मला ही मांडणी पुस्तकातल्या सूत्राहून आवडते. घनफळ पृष्ठफळातूनच निघताना दिसतं.

‘सर, हे परीक्षेला आहे?’ मागच्या बाकावरून विचारणा. नाही बाबा. वर्गभर वास मात्र छान सुटला होता.

उद्या शंकुछेद. बादली आणायला सांगितलीय.