हिरण्यकेशीच्या माहेरी

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीनं इंग्लंडहून मोबाईलवर एक फोटो पाठवला. उंच झाडांखाली जमीन दिसेनाशी करणारी निळी फुलं. खाली लिहिलं होतं, "मामा, गावाशेजारची छोटीशी राई आहे. चालत अर्ध्या तासात संपते. पण इथले लोक तिला फार जपतात. आपल्याकडे असं काही आहे का?"

चौकशी केली तेव्हा कळलं, की इंग्लंडमध्ये 1600 सालापासून सलग टिकून राहिलेल्या रानाला 'प्राचीन रान' असा दर्जा देतात. ही निळी ब्लूबेल फुलं त्या जुनेपणाची एक खूण मानली जाते. अशी रानं ब्रिटनच्या एकूण जमिनीच्या जेमतेम अडीच टक्के उरली आहेत. जी आहेत ती तुकड्या-तुकड्यांत, शेतांच्या मधोमध. म्हणून त्यांचं अप्रूप.

"आहे की," असं उत्तर मी लगेच पाठवलं. आणि मग स्वतःशीच ओशाळलो. का, ते पुढं सांगतो.

आमचं घर दुभाषी. मी मराठी, सौ. संकेश्वरची कानडी. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई निपाणीला आल्या होत्या. मुलं त्यांना अव्वा म्हणतात, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणतो. वय पंचाहत्तर. सगळा जन्म हिरण्यकेशीच्या काठी गेला. लग्नाआधी तिथंच धुणी धुतली, तिचंच पाणी प्यायल्या. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात तिचंच पाणी घरात शिरलं, तेव्हा धान्याची पोती माळ्यावर चढवायला त्या सर्वांत पुढं होत्या. त्या सहज म्हणाल्या, "जावईबापू, एवढी वर्षं झाली, ही नदी कुठनं येते ते काय बघितलं नाही बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. तवंदी घाट ओलांडून संकेश्वर, तिथून उजवीकडं वळून गडहिंग्लज, आजरा आणि मग आंबोली. निपाणीपासून साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता. तंबाखूची काळी रानं मागं पडली, उसाचे फड लागले. गडहिंग्लजच्या पुढं माती तांबूस होत गेली. आजऱ्याच्या आसपास घनसाळ भाताची कापणी चालू होती. काच खाली केली की वास यायचा. नदी कधी डाव्या हाताला, कधी उजव्या हाताला, आणि प्रत्येक पुलावर थोडी बारीक झालेली. अव्वा प्रत्येक पुलाला हात जोडत होत्या.

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सह्याद्रीच्या अगदी कडेवर, सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. समुद्र इथून इतका जवळ, की कड्यावरून खाली कोकण दिसतं. पण हिरण्यकेशी तिकडं वळत नाही. ती पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. उगमाला मराठी, पुढं कानडी आणि शेवटी तेलुगू. तिला कुणी भाषा विचारली नाही.

गाडी लावून पायवाटेनं चालू लागलो. बाहेर ऊन तापलं होतं. झाडांत शिरताच अंगावर गारवा आला. अंजनी, जांभूळ, पिसा अशी सदाहरित झाडं. खोडांवर शेवाळ, मुळं वाटेवर उघडी पडलेली. दोन्ही बाजूंना कारवी. पायाखाली कुजलेल्या पानांचा थर इतका मऊ, की अव्वांनी चपला काढून हातात घेतल्या. "देवळात आल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. देऊळ अजून दिसायचं होतं.

पुढं महादेवाचं छोटं देऊळ, मागं खडकातली गुहा. गुहेतून पाणी येतं आणि समोरच्या कुंडात साठतं. तीच हिरण्यकेशी. अव्वा कुंडाच्या कडेला बसल्या, पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "नम्म होळी इष्ट सण्णदैतेनू?" आपली नदी एवढीशी आहे होय? डोळे भरून आले होते. घरात शिरून पोती भिजवणारी नदी इथं ओंजळीत मावत होती.

याच कुंडातला एक मासा 2020 साली शास्त्रीय जगाला नव्यानं माहीत झाला. अर्ध्या बोटाएवढा, रंगीत. त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, महाराष्ट्र शासनानं देऊळ, कुंड आणि भोवतालचा 2.11 हेक्टरचा परिसर 'जैवविविधता वारसा स्थळ' म्हणून जाहीर केला. म्हणजे आपल्या हिशेबानं जेमतेम सव्वापाच एकर. एखाद्या बागायतदाराचा ऊस याहून मोठा असतो.

पण तो मासा इथं उरला, कारण पाणी स्वच्छ होतं. पाणी स्वच्छ होतं, कारण भोवती झाडं होती. आणि देवाची जागा म्हणून लोक कुऱ्हाड लावायला कचरत आले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनीही देवाच्या नावानं राखलेल्या अशा तुकड्यांचं मोल जगापुढं मांडलं. कोडगूत याच गोष्टीला 'देवरकाडू' म्हणतात. देवराई काय आणि देवरकाडू काय, शब्द वेगळे, अर्थ एकच.

पाण्याचं गणित तर शाळकरी मुलालाही कळेल. उघड्या माळावर पडलेला पाऊस धावत सुटतो, माती घेऊन जातो, आठ दिवसांत संपतो. पानांच्या थरावर पडलेला पाऊस मुरतो, मुळांच्या आधारानं खाली जातो आणि झऱ्यातून महिनोन् महिने झिरपत राहतो. पुराचा वेग थोडा कमी आणि उन्हाळ्याचं पाणी थोडं जास्त.

आता माझ्या ओशाळण्याची गोष्ट. माझं मूळ गाव खानापूरच्या पश्चिमेला. गावदेवीच्या भोवती दोन एकरांची राई आहे. देवी उघड्यावर, दगडांच्या जोत्यावर. लहानपणी तिथली काडीही घरी आणायची नाही, असा आजीचा दंडक होता. दोन वर्षांपूर्वी तिथं सिमेंटचा मोठा सभामंडप बांधायचं ठरलं. त्यासाठी राईचा पुढचा निम्मा भाग मोकळा करायचा होता. गावातला शिकलेला माणूस म्हणून वर्गणीचं आवाहनपत्रक मीच लिहिलं. 'देवीचं वैभव' वगैरे शब्द माझेच. अकरा हजारांची वर्गणीही माझ्या नावावर लिहिलेली. झाडांचा उल्लेख त्या पत्रकात एका शब्दानंही नव्हता. भाचीला "आहे की" असं लिहिताना ही राई आठवली होती.

परतताना गाडीत हे अव्वांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मंडप बांधल्यावर देवी कुठं बसणार, सावलीत का सिमेंटात?"

पुढच्या रविवारी गावच्या बैठकीला गेलो. उभं राहून सांगितलं, की पत्रक माझं होतं आणि ते चुकलं. चुलतभाऊ भडकला. "तू निपाणीत राहतोस. पावसात जत्रेला आमच्या बायकापोरं भिजतात, ते तुला काय ठाऊक?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. निवारा हवाच. मी एवढंच सुचवलं, की राईबाहेर, जिथं पूर्वी जत्रेच्या बैलगाड्या सुटायच्या, त्या मोकळ्या जागेत मंडप बांधावा. वर्गणी मी तिथंच देईन, वाढवूनही देईन. दोन म्हाताऱ्यांनी मान हलवली. तरुण पोरं गप्प राहिली. निर्णय पावसाळ्यानंतर घ्यायचा ठरलं आहे. तोवर कुऱ्हाड थांबली, एवढंच आज खात्रीनं सांगता येतं. चुलतभाऊ अजून बोलत नाही.

वाचकांपैकी कुणी हिरण्यकेशीला जाणार असेल, तर पावसाळा सरल्यावर जा. जेवण बाहेर उरकून मगच आत शिरा. कुंडात साबण लावू नका, माशांना त्रास देऊ नका, प्लॅस्टिक परत आणा. मुलांना न्या, आजीला तर नक्कीच न्या.

अव्वांनी उगमाचं पाणी तांब्यात भरून आणलं होतं. मला वाटलं, देव्हाऱ्यात ठेवणार. संकेश्वरला पोचल्यावर त्यांनी गाडी नदीकडं घ्यायला लावली आणि तांब्या पात्रात ओतला.

"का हो अव्वा?"

"तिचं पाणी तिला. वाटेत थोडं उचललं होतं, एवढंच."

भाचीला परवा मी कुंडाचा फोटो पाठवला. आमच्या राईचा अजून पाठवलेला नाही. पावसाळ्यानंतर पाठवीन म्हणतो. तुमच्याही गावात अशी एखादी राई असेल. ती किती एकर होती आणि आज किती उरली आहे, हे एकदा घरातल्या थोरांना विचारून बघा.