अल्तारावरची राखी

वसई

प्रिय बाय,

परवा व्हिडिओ कॉलवर तू आजीच्या अल्ताराकडे बोट दाखवून विचारलंस, क्रुसाला राखी कोणी बांधली? फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून हे पत्र.

नीट बघशील तर त्या राखीला मणी नाही, चमकी नाही. लाल सुती दोरा, मध्ये तीन गाठी, एवढंच. गेल्या ऑगस्टमध्ये आजीच्या जेवणाच्या टेबलावर अशा जवळजवळ दोनशे राख्या वळल्या गेल्या. वळणारे बहुतेक हात केरळचे होते.

तुरुंगसेवेचं सहा जणांचं पथक पाच दिवसांसाठी आलं होतं. तीन सिस्टर, एक फादर, एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको. 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया'चं काम १९८१ साली केरळमध्ये धर्मगुरूपदाचं शिक्षण घेणाऱ्या दोन तरुणांनी सुरू केलं, आणि आज देशभर तिचे स्वयंसेवक तुरुंगांत जातात. ऑगस्टचा दुसरा रविवार आपल्या चर्चमध्ये तुरुंग-रविवार असतो, कारण १४ ऑगस्ट हा संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा दिवस. १९४१ मध्ये ऑशवित्झच्या छावणीत, बायकामुलं असलेल्या एका अनोळखी कैद्याच्या जागी ते स्वतः मरायला उभे राहिले. २०२५ साली राखी पौर्णिमा नेमकी त्या रविवारच्या आदल्या दिवशी आली.

पाहुण्यांना घर हवंय, असं पॅरिशच्या फादरांनी विचारलं तेव्हा आजीने मोजून एक प्रश्न केला: "भात कुठला खातात?" बाकी सगळं तिने गृहीत धरलं. दोन खोल्या रिकाम्या केल्या, पितळी घंगाळं घासून काढलं, फुग्यांचं पीठ भिजवलं. तिसऱ्या दिवशी मात्र शिक्षकांच्या बायकोने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आपलं सांदण आणि त्यांचं अप्पम दोन्ही पूर्वी ताडीवरच फुगवायचे, हे कळल्यावर दोघी एकमेकींची भाषा येत नसताना तासभर बोलत होत्या.

राख्यांचं असं झालं. सिस्टरांनी सुंदर, मणी जडवलेल्या राख्या आणल्या होत्या. रात्री जेवताना त्यांच्यातल्या ज्येष्ठ सिस्टरांना मागचा अनुभव आठवला: एका तुरुंगाच्या फाटकावर तार आणि टाचणी असलेल्या सगळ्या राख्या बाजूला काढल्या गेल्या होत्या. शिपायाचं चुकलं नव्हतं. आत टाचणीसुद्धा हत्यार होते. मग कात्री आली. मणी एका वाटीत, तारा दुसऱ्या वाटीत, आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा टेबलभर. रात्री एक वाजेपर्यंत सहा पाहुणे आणि एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई गाठी मारत बसली होती.

राखीच का, हे त्या सिस्टरांनीच सांगितलं. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात आदिवासींना सावकारांच्या विळख्यातून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदरसिंह नावाच्या तरुणाने त्यांना प्रवासात भोसकून मारलं. २००२ च्या ऑगस्टमध्ये त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात त्याला भेटायला गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. राणी मारियांच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले. २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. बाय, हे ऐकताना आजीचा दोरा हातातच राहिला होता.

पहाटे सहाला गाडी घोडबंदर रोडने ठाण्याला निघाली. ठाण्याचा तुरुंग जुन्या किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. आपल्या वसईच्या किल्ल्याआधी दोन वर्षं. क्रांतिकारक अनंत कान्हेरेंना १९१० मध्ये इथेच फाशी झाली. फाटकावर नावांची यादी, आधार कार्डं, फोन जमा. आजीने सांदणाचा डबा दिला होता, तो गाडीतच राहिला. बाहेरचं अन्न आत जात नाही.

संध्याकाळी पाहुणे गप्प परतले. आतल्या बहुतेकांचा खटला अजून संपलेलाच नाही. देशाचा आकडाही तेच सांगतो: २०२२ अखेर कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. जामीन मिळूनही जामीनदार नाही म्हणून कित्येक बसून आहेत. पालघरकडच्या एका पोराला वर्षभर कोणी भेटायला आलं नव्हतं.

तू विचारशील, पाच दिवसांनी काय होतं? पाहुणे गेले की काम थांबलं, तर त्या पाच दिवसांना फारसा अर्थ नाही, असं मला ठामपणे वाटतं. म्हणूनच यजमान घर महत्त्वाचं. तुरुंगाच्या कार्यालयाची परवानगी घेऊन फादरांनी त्या पोराच्या गावाचं नाव आणलं होतं. आजीने तिथल्या चर्चच्या सिस्टरला फोन लावला, मग परत लावला, चौथ्यांदाही लावला. आईला मुलगा कुठे आहे हेच माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात ती तुरुंगात त्याच्या मुलाखतीला गेली. भाड्याचे पैसे आजीने दिले, हे तुझ्या मामाला सांगू नकोस.

एक राखी उरली होती. तुरुंगातल्या पोरांची गणती चुकली, म्हणून आजी ती कपाटात ठेवणार होती. सिस्टरांनी ती घेतली आणि क्रुसाला बांधली.

यंदाही सहा जण येतायत. आजीने मागची खोली रंगवायला काढलीय आणि लाल दोऱ्याची चार रिळं आणून ठेवलीत.

तुझी,
मोठी मावशी