लोकरीची देवळे आणि बेचा पाढा

देवदर्शनाला जावे आणि गणित शिकून यावे, असा प्रकार गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडात माझ्या बाबतीत घडला. चौतीस वर्षे मुलांना गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे सांगताना थोडा संकोच वाटतो. पण घडले ते असे.

आमचे चिरंजीव केंब्रिजला असतात. मी तिथे जाऊन आठवडा लोटला नाही तोच एक विषय रोज रात्री जेवणाच्या टेबलावर येऊन बसू लागला. तो म्हणजे सांगलीचे घर. माझ्या वडिलांनी बांधलेले. दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. हिच्या माघारी मी त्यात एकटाच वावरतो.

"बाबा, घर विका आणि पुण्याला आत्याजवळ फ्लॅट घ्या," हे चिरंजिवांचे म्हणणे.

"आणि पाटी?" हा माझा प्रश्न.

याला उत्तर नसल्यामुळे बापलेक मुकाट्याने आमटीभात संपवीत असू. शेवटी सूनबाईंनीच तोडगा काढला. "शनिवारी लॅव्हनमला जाऊ. बाबांना जुनी चर्चं आवडतील." आठ वर्षांच्या नातवाने चर्चचे नाव ऐकून तोंड वाकडे केले, पण हॅरी पॉटरच्या २०१० सालच्या चित्रपटात हे गाव दिसते, असे कळताच तो सर्वांआधी बूट घालून तयार!

लॅव्हनम हे सफोक परगण्यातले छोटेसे गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी चौकटींची घरे. पण सरळ उभे एक असेल तर शपथ. लग्नघरी जागरण करून थकलेले पाहुणे एकमेकांच्या खांद्यावर कलंडावेत, तशी ती कलंडली आहेत. ओक वृक्षाचे लाकूड ओले असतानाच वापरले, ते सुकता सुकता वाकले. पाचशे वर्षांपूर्वी या एवढ्याशा गावाचा थाट मोठा होता. निळ्या रंगाच्या लोकरी कापडावर ते इतके गबर झाले, की १५२४ सालच्या करवसुलीत साऱ्या इंग्लंडात त्याचा चौदावा क्रमांक लागला.

गावाच्या टोकाला चर्च आहे. त्याचा मनोरा चकमकीच्या दगडांचा, १४१ फूट उंच. त्यावर ऑक्सफर्डच्या अर्लचा तारा कोरला आहे आणि टॉमस स्प्रिंग नावाच्या कापडव्यापाऱ्याची निशाणीही. सरदार आणि व्यापारी एकाच भिंतीवर! हा स्प्रिंग १५२३ साली वारला, तेव्हा मनोऱ्यासाठी मृत्युपत्रात पैसे ठेवून गेला. पुढे परागंदा होऊन आलेल्या डच विणकरांनी जवळच्या कोल्चेस्टरला हलके आणि स्वस्त कापड विणायला सुरुवात केली, आणि लॅव्हनमचे दिवस फिरले. जुनी घरे पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनी राहिली. लक्ष्मीने पाठ फिरवली, तिनेच गाव राखले म्हणायचे!

तिथून चारपाच मैलांवर लाँग मेलफर्ड. तिथले चर्चही लोकरीच्याच पैशाचे, पंधराव्या शतकाच्या अखेरचे. आत रंगीत काचेचा एक लहानसा गोल आहे. त्यात तीन ससे एकामागून एक धावताहेत. नातवाने कान मोजले. "आजोबा, ससे तीन आणि कानपण तीनच! पण प्रत्येकाला दोन दिसतात!" प्रत्येक कान शेजाऱ्याशी वाटून घेतलेला. माझ्या हिशेबात न बसणारे हे गणित पाहून मी गप्प झालो.

बाहेर आलो तर भिंतींच्या वरच्या अंगाला अक्षरेच अक्षरे. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर 'कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ' असते ना, तोच प्रकार. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे, आणि आमच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा अशी विनवणी. जॉन क्लॉप्टन हा मोठा आसामी. त्याच्या नावापाशी त्याच्या बटलरचेही नाव आहे. मला वडिलांची पाटी आठवली. मी चिरंजिवांकडे 'बघ' अशा नजरेने पाहिले.

"पण बाबा," ते हळूच म्हणाले, "१५४७ साली कायदा झाला आणि मृतांसाठी प्रार्थना करायला ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. पन्नास वर्षांत सगळं थांबलं."

म्हणजे ज्यासाठी नावे कोरली, तेच गेले! मला उगीचच वाईट वाटले.

चर्चच्या मागच्या अंगाला १४९६ साली बांधलेले मेरीमातेचे वेगळे मंदिर आहे. आत शिरलो आणि जागच्या जागी थबकलो. भिंतीवर चक्क पाढ्यांचा तक्ता! प्रार्थना बंद पडल्यावर या जागेत पुढे कित्येक वर्षे गावाची शाळा भरत असे. देणाऱ्यांनी मागितले होते पुण्य. त्यांच्या पदरी पडली पोरांची घोकंपट्टी. माझ्यातला मास्तर जागा झाला. "बे एके बे, बे दुणे चार," मी पुटपुटलो.

"बे त्रिक?" नातवाने विचारले.

"सहा."

"बे चोक आठ!" तो ओरडला. त्या जुन्या भिंतींनी आमचा आवाज अगदी ओळखीच्या माणसासारखा परत दिला. सूनबाई दाराशी उभ्या राहून हसत होत्या. चिरंजीव मात्र खिडकीकडे तोंड करून उभे होते. लहानपणी ओसरीवर बसून हाच पाढा त्यांनी माझ्यापाशी म्हटला होता.

परतताना मोटारीत मीच विषय काढला. "घर विकायचं नाही. मी पुण्याला जाईन. पण पुढच्या दोन खोल्यांत गल्लीतल्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची. दिव्याचा आणि पुस्तकांचा खर्च तू द्यायचास."

चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "देईन. आणि पाटी?"

"राहू दे तिथेच. वाचायला शिकलं, की पोरं पहिल्यांदा तीच वाचतील."

मागच्या सीटवरून झोपाळू आवाज आला, "बे दाहे वीस."