रॉन, हर्मायनी आणि आमची मुलगी

नोकरीने आम्ही कारकून आणि सवयीने कार्यकर्ते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तेव्हापासून कोराडी परिसरातील वस्त्यांमधून करणी, भानामती, अंगात येणे यांवर बोलत आलो आहोत. अशा माणसाच्या घरात जादूगार मुलांच्या कादंबऱ्या निघाव्यात, यावर कचेरीतल्या मित्रांनी काय थट्टा केली असेल ती वाचकांनीच समजून घ्यावी.

मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिने बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून 'हॅरी पॉटर आणि परीस' आणले. जे. के. रोलिंग या बाईंची मूळ इंग्रजी कादंबरी १९९७ ची. मराठीत ती मंजुल प्रकाशनाने आणली. पाहावे आणि वाटल्यास काढून घ्यावे, या हेतूने आम्ही ती हाती घेतली. मे महिन्याची रात्र, कूलरची घरघर, खिडकीतून दूर वीज केंद्राच्या धुरांड्यांवरचे तांबडे दिवे. दोन वाजता मुलगी पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून झोपले नाही?"

पुढचे सहा भाग मिळतील तसे आम्ही दोघांनी पाळीपाळीने वाचले. यातल्या जादूने भोळ्याभाबड्यांना कोणी लुबाडत नाही. उलट दुसऱ्या भागातला लॉकहार्ट नावाचा मास्तर म्हणजे पक्का बुवा. दुसऱ्यांचे पराक्रम स्वतःच्या नावावर खपवतो आणि शेवटी उघडा पडतो.

पण आम्हाला गुंतवले ते रॉन आणि हर्मायनी या दोघांनी. हर्मायनीचे आईवडील साधे दातांचे डॉक्टर, जादूगार नव्हेत. ती वर्गात पहिली. तरी एक बड्या घरचा मुलगा तिला सर्वांसमक्ष 'घाणेरड्या रक्ताची' म्हणतो. हा शब्द वाचून आम्ही पुस्तक मिटले. थोड्या वेळाने पुन्हा उघडले. रॉन हा त्यांच्या लेखी शुद्ध रक्ताचा. त्याने गप्प राहिले असते तरी त्याचे काही बिघडत नव्हते. तो मात्र मोडकी छडी उचलून मंत्र मारतो, मंत्र त्याच्यावरच उलटतो आणि बिचारा कितीतरी वेळ गोगलगायी ओकत बसतो!

प्रेम म्हणावे तर पुढे कितीतरी पाने काहीच नाही. भांडणे, अबोला, चौथ्या भागातल्या नाचाच्या रात्री रॉनचे फुगून बसणे. याच भागात हर्मायनी घरोघर राबणाऱ्या एल्फ नावाच्या वेठबिगारांसाठी संघटना काढते, बिल्ले विकते. रॉन हसतो; त्यांना असेच आवडते, म्हणतो. (आमच्या आजोबांविषयी गावचा पाटीलही हेच म्हणायचा.) आणि सातव्या भागात लढाई ऐन भरात असताना त्याच रॉनला स्वयंपाकघरातल्या एल्फांची आठवण होते. आपल्यासाठी मरा, असे त्यांना सांगता येणार नाही, म्हणतो. ते ऐकताच हर्मायनी हातातले सारे टाकून त्याच्याकडे धावते. एवढेच. आमच्या सिनेमांतून अशा वेळी दोन गाणी झाली असती.

हे पान वाचून झाल्यावर मुलीने विचारले, "बाबा, असा मुलगा आपल्यातला नसला तर?"

'जातिनिर्मूलना'वर आम्ही कितीदा बोललो आहोत. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले, हे सांगून टाळ्याही घेतल्या आहेत. त्या रात्री मात्र म्हणालो, "आधी बारावी हो."

"मी ते नव्हतं विचारलं," ती म्हणाली. आतून तिच्या आईचा आवाज आला, "द्या नं आता उत्तर!"

दोन दिवस आम्ही त्याच विचारात होतो. मुलाच्या जातीचे आम्हाला वावडे नाही. भीती होती ती त्याच्या घरची. उद्या तिथे जेवताना कोणी सहज तो शब्द उच्चारला, तर हा ताटावरून उठेल काय?

तिसऱ्या दिवशी चहा घेताना तिला सांगितले, "चालेल. पण दुसऱ्या भागातल्या परीक्षेत तो पास व्हायला पाहिजे. गोगलगायींच्या."

ती हसली. म्हणाली, "बाबा, तेव्हा रॉन फक्त बारा वर्षांचा होता."