घरची शाळा

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा आमच्या उर्दू शाळेचे वर्ग बंद होते. वर्ग पुन्हा भरले, पण एक हुशार विद्यार्थिनी परत आलीच नाही. अब्बांनी तिला घरीच बसवले. मग आम्ही तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट दाखवली. तिथे उर्दूतून परीक्षा देता येते. एकेक विषय सोडवावा, पास झालेला जमा राहतो. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. असे पाच विषय जमवून ती दहावी झाली.

आता पुढे काय? आम्ही सुचवले, बारावीही अशीच घरून करावी, कला शाखेची. अब्बा खूश झाले. ती मात्र म्हणाली, "बाजी, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं, हे तुम्हीच सांगितलं होतं. मला ते सूक्ष्मदर्शकातून बघायचे आहेत."

आम्ही गप्प झालो. मुंबईची मालविका जोशी घरीच शिकली. बारावी नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद राहिले. 2016 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने तिला घेतले. पण तिच्यापाशी प्रोग्रामिंग ऑलिम्पियाडची पदके होती. आमच्या मुलींपाशी फक्त गुणपत्रिका असते आणि सोपी वाट दाखवून आम्हीच तिची किंमत कमी करतो.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. "भाईजान, सल्ला आमचा चुकला. हिला कॉलेजात अकरावी सायन्सला घाला."

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "फॉर्म कधी निघतात?"