जुन्या मोटारीची डोकेदुखी

मनुष्य वृद्ध झाला म्हणजे त्याच्या प्रत्येक दुखण्याचे खापर वयावर फोडावयाची आपल्याकडे रीत आहे. जुन्या यंत्रांसही हाच न्याय लावला जातो. वस्तुतः निदान न करता वयास दोष देणे म्हणजे वैद्याने नाडी न पाहताच रोग्याची आशा सोडणे होय. शहाद्यास आमच्या घरी असलेल्या पद्मिनी मोटारीने हे आम्हांस चांगलेच पटवून दिले.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील ही गाडी. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार सिलिंडर, आठ वॉल्व्ह. आमच्या वडील बंधूंनी ती हौसेने घेतली. ते गेल्यावर वहिनींनी ती विकू दिली नाही. गतवर्षी तोरणमाळच्या घाटात तिचे पाणी उकळले, जोर ओसरला, आणि एका कारागिराने वरवर पाहून निकाल दिला, “इंजिन संपले, भंगारात घाला.” वहिनी एवढेच म्हणाल्या, “आधी दुखणे तर कळू द्या.”

दाबमापक लावून पाहिले, तो पहिल्या व चौथ्या सिलिंडरचा दाब चांगला. मधल्या दोहोंचा मात्र सारखाच खालावलेला. त्यांत चमचाभर तेल सोडूनही तो वाढला नाही. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून दाब वाढला असता. तेव्हा खालचे अंग निरोगी होते. दोन शेजारखोल्यांमधील भिंत पडावी तसे हेडखालचे गॅस्केट मधोमध जळले असावे, असे अनुमान निघाले. हेड उतरताच ते खरे ठरले.

ॲल्युमिनियमचे हेड गरम असता सोडले तर वाकते; म्हणून इंजिन रात्रभर निवू दिले. नटबोल्ट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे सैल केले. मुलींनी पुठ्ठ्यास आठ भोके पाडून, आकडे घालून, पुशरॉड क्रमाने खोवून ठेवले. वॉल्व्हचीही तीच व्यवस्था. हे सोवळे व्यर्थ नव्हे. वर्षानुवर्षे एकत्र राहून प्रत्येक भाग आपल्या सोबत्याशी घासून जुळलेला असतो; दिसण्यात सारखे म्हणून त्यांची अदलाबदल केली तर कुरकुर सुरू होते. एकत्र कुटुंबात नांदणाऱ्यांस हे अधिक सांगावयास नको!

कार्बनची पुटे बांबूच्या कामटीने खरवडली, कारण लोखंडाने मऊ धातूस ओरखडे पडतात. हेडवर सरळ पट्टी धरली, तेव्हा मध्ये उजेड दिसला. मग प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडून ते नंदुरबारास नेले आणि यंत्रावर सपाट करून आणले. तेही अगदी बेताने, कारण फार घासले तर ज्वलनाची जागा आटून दाब भलताच वाढतो.

वॉल्व्ह बसविण्याचे काम नाजूक. कडेस बारीक पेस्ट लावून, रबरी टोकाची काठी दोन्ही तळव्यांत धरून ती मागेपुढे फिरवावयाची. ताक घुसळणाऱ्या हातांस ही गती शिकवावी लागली नाही; आठही वॉल्व्ह वहिनींनीच घासले. कडेवर अखंड करडे वर्तुळ उमटले. पेस्ट धुऊन काढून वॉल्व्ह स्प्रिंगांसह बसविले, हेड उलटे ठेवून त्यात रॉकेल ओतले. तासाभरात थेंबही पाझरला नाही. मग नवे गॅस्केट, आणि मध्याकडून कडेकडे, तीन फेऱ्यांत, पुस्तकात दिलेल्या जोराने आवळणी. शेवटी टॅपेटची फट मोजून लावली. गाडी सुरू झाली. चारी सिलिंडरांचे दाब जवळजवळ सारखे भरले. वहिनी काही बोलल्या नाहीत. हात धुऊन मागल्या आसनावर जाऊन बसल्या.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. सुटे भाग दुर्मीळ होत जातील, तसे ते जोडणारे हातही. आमच्या गाडीचाही एक दिवस शेवट येईलच. परंतु तो नीट तपासून ठरावा, कंटाळून नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.